हृदयसंशोधनाच्या लॅबमध्ये रुजू होताय? आधी तिथली माणसं समजून घ्या

एम.फार्म., बायोटेक किंवा बायोमेडिकल इंजिनिअरिंग करून अमेरिकेतल्या विद्यापीठांत हृदयसंशोधनासाठी येणारी आपल्याकडची मुलं निघण्याआधी जे प्रश्न विचारतात ते बहुतेक तंत्राबद्दल असतात. पॅच क्लॅम्प शिकून येऊ का, पायथन किती यायला हवं, वेस्टर्न ब्लॉट जमत असेल तर चालेल का. तंत्र इथे आल्यावर शिकवतात. लॅबमध्ये कोण काय बघतं, कुणाच्या सहीवाचून काय अडतं, कुठला प्रश्न कुणाकडे न्यायचा, हे मात्र कुणी बसवून सांगत नाही आणि पहिल्या वर्षातला बराच मनस्ताप तिथूनच येतो. मी पीएचडी आणि पोस्टडॉक (पीएचडीनंतरचं संशोधन) दोन्ही हृदयाच्या लॅबमध्येच केलं, त्या अनुभवावरून हे लिहिते आहे.

या लॅबचं एक वेगळेपण आधीच लक्षात घ्या. उंदराचं हृदय शरीराबाहेर काढल्यावर दोन-तीन मिनिटांत त्यात ऑक्सिजन मिसळलेला द्राव सुरू व्हावा लागतो. उशीर झाला तर त्या दिवसाचा प्रयोग गेला. त्या दोन-तीन मिनिटांसाठी कुणीतरी आदल्या दिवशी द्राव बनवलेला असतो, कुणी सिलिंडर तपासलेलं असतं, कुणी प्राण्याची काळजी घेतलेली असते. यातल्या एकाचंही काम राहिलं तर तुमची पदवी कितीही मोठी असो, प्रयोग होत नाही.

१. होकार देण्याआधी लॅब बाहेरून तपासा

लॅबच्या प्रमुखाला सगळे पीआय म्हणतात. पीआयचं नाव एनआयएच, म्हणजे वैद्यकीय संशोधनाला अनुदान देणारी अमेरिकेची सरकारी संस्था, हिच्या 'रिपोर्टर' या संकेतस्थळावर शोधा. सरकारी अनुदान कुठलं, किती आणि कधी संपतंय, हे तिथे कुणालाही बघता येतं. तुम्ही पोहोचल्यावर सहा महिन्यांत अनुदान संपणार असेल तर पुढच्या पगाराची काय सोय आहे, हे मुलाखतीतच विचारा. त्यात उद्धटपणा नाही, इथे तो प्रश्न अपेक्षित असतो. पोस्टडॉकच्या पगाराला एनआयएचचा तक्ता आधार धरतात. २०२४ मध्ये पहिल्या वर्षासाठी तो आकडा वर्षाला ६१,००८ डॉलर होता. बोस्टन किंवा सॅन फ्रान्सिस्कोत त्यातला मोठा वाटा घरभाड्यात जातो.

लॅब सोडून गेलेली माणसं आता कुठे आहेत, तेही बघा. त्यातल्या दोघांना साधी ईमेल करा आणि फोनवर बोला. लेखी कुणी मोकळेपणाने सांगत नाही.

आणखी एक प्रश्न हमखास विचारा: कुठल्या प्राण्यांवर काम चालतं? उंदीर, ससे, डुकरं, मेंढ्या, कुत्रे, सगळी उत्तरं शक्य आहेत. आपल्यातल्या अनेकांच्या घरी मुंगीसुद्धा मारू देत नाहीत. प्राण्यांवरचं काम आपल्याच्याने होणार नाही असं वाटत असेल तर तसं आधीच स्पष्ट सांगा. मूळ पेशींपासून वाढवलेल्या हृदयपेशींवर किंवा संगणकावर काम करणाऱ्या लॅब भरपूर आहेत. मनाविरुद्ध काम पत्करलेली माणसं वर्षभरात खचलेली मी पाहिली आहेत, म्हणून हे आग्रहाने सांगते.

२. निघण्याआधी हे जमवा

- पासपोर्ट, नेमणुकीचं पत्र, जे-१ (देवाणघेवाणीवर येणाऱ्या संशोधकांचा व्हिसा) असेल तर डीएस-२०१९, एफ-१ (विद्यार्थ्यांचा व्हिसा) असेल तर आय-२० (ही दोन्ही व्हिसासाठी विद्यापीठ देतं ती कागदपत्रं), सेव्हिस म्हणजे परदेशी विद्यार्थी-संशोधकांच्या सरकारी नोंदणीच्या शुल्काची पावती
- पदवी प्रमाणपत्रं आणि विद्यापीठाच्या शिक्क्याच्या गुणपत्रिका. त्या मिळायला वेळ लागतो, अर्ज लवकर टाका
- लसीकरणाची नोंद: गोवर-गालगुंड-रुबेला, धनुर्वात, हिपॅटायटिस बी
- दमा किंवा कसली ॲलर्जी असेल तर डॉक्टरांचं पत्र
- जे-१ असेल तर नियमात बसणारा आरोग्यविमा. आजारपणामागे किमान १,००,००० डॉलरचं संरक्षण लागतं

यातला एक सापळा ठळकपणे सांगायला हवा. प्राण्यांजवळ जाण्याआधी आरोग्य विभागाची परवानगी लागते आणि त्यात बहुधा क्षयरोगाची चाचणी असते. आपल्याला लहानपणी बीसीजी ही क्षयरोगाची लस दिलेली असते, त्यामुळे हातावर सुई टोचून करायची चाचणी क्षयरोग नसतानाही पॉझिटिव्ह येऊ शकते. मग एक्स-रे, तपासण्या आणि आठवडे वाया. सुरुवातीलाच आयजीआरए ही रक्तचाचणी मागा, तिच्यावर बीसीजीचा परिणाम होत नाही.

जे-१ वाल्यांना दोन वर्षं मायदेशी परतण्याच्या अटीची धास्ती असते. अमेरिकी सरकारच्या ज्या कौशल्ययादीमुळे ती लागायची, तिच्यातून ९ डिसेंबर २०२४ पासून भारताचं नाव काढलं आहे. मात्र सरकारी पैशावर, उदाहरणार्थ फुलब्राइट शिष्यवृत्तीवर आलात तर अट लागतेच. व्हिसावर आणि डीएस-२०१९ वर काय लिहिलंय ते स्वतः वाचा.

३. पहिल्या दिवशी लॅब मॅनेजरला भेटा

पीआयच्या आधी यांची वेळ घ्या. किल्ल्या, कार्डाचा प्रवेश, उणे ८० अंशांच्या फ्रीझरमधली जागा, रसायनांची मागणी, प्रशिक्षणांची यादी, सगळं यांच्याकडून जातं. दोन गोष्टी विचारा: मागणी आठवड्यातल्या कुठल्या वारी जाते, आणि कुठली प्रशिक्षणं कुठल्या क्रमाने करायची. प्राण्यांसंबंधीचं ऑनलाइन प्रशिक्षण, जैवसुरक्षा, रसायनं, रक्तातून पसरणारे आजार, लेसर वापरत असाल तर लेसर. एक राहिलं की पुढचं दार उघडत नाही.

भूल आणि वेदनाशामकाच्या औषधांचं कपाटही बहुधा यांच्याच ताब्यात असतं. केटामाइन, ब्युप्रेनॉर्फिन ही इथे कायद्याने नियंत्रित औषधं आहेत. काढलेला, वापरलेला आणि उरलेला प्रत्येक मिलिलिटर वहीत सहीनिशी लिहायचा असतो. उरलेलं बेसिनमध्ये ओतून मोकळं होऊ नका. ते नष्ट करण्याची ठरलेली पद्धत असते, ती विचारून घ्या.

४. टेक्निशियनकडून शिका, आणि शिष्य होऊन शिका

आपल्याकडे 'लॅब असिस्टंट' म्हटलं की बाटल्या धुणारा माणूस डोळ्यांसमोर येतो. ती समजूत विमानतळावरच सोडून या. हृदयाच्या लॅबमधला अनुभवी टेक्निशियन म्हणजे तिथला सगळ्यात सराईत हात असतो.

उदाहरणासाठी काढलेलं हृदय नळीला टांगून शरीराबाहेर चालतं ठेवण्याचंच काम घ्या. ओस्कार लांगेनडॉर्फ यांनी १८९५ मध्ये मांडलेली ही पद्धत आजही रोज वापरात आहे. प्राण्याला पूर्ण भूल दिलेली असते, रक्त गोठू नये म्हणून हेपरिन दिलेलं असतं. हृदय काढून बर्फगार द्रावात ठेवतात. मग सूक्ष्मदर्शकाखाली महाधमनीची कड दोन चिमट्यांनी धरून ती कॅन्युलावर, म्हणजे द्रावाच्या बारीक नळीवर, चढवायची आणि रेशमी दोऱ्याने बांधायची. कॅन्युला जरा जास्त आत गेली तर झडप ओलांडून जाते आणि हृदयाच्या स्वतःच्या धमन्यांना द्रावच मिळत नाही. हवेचा एक बुडबुडा आत गेला तरी एखादी धमनी बंद पडते. सगळं जमलं तर ३७ अंशांचा द्राव आत जातो, आधी रक्त धुऊन निघतं, हृदय फिकट होतं आणि काही क्षणांत आपोआप धडधडू लागतं.

माझ्या लॅबमधली टेक्निशियन हृदय चढवण्याआधी नळीवर बोटाने दोन टिचक्या मारायची आणि कॅन्युलाच्या टोकावर द्रावाचा एक थेंब लोंबता ठेवायची. थेंबाला थेंब मिळाला की हवेला आत शिरायला जागाच उरत नाही. हे कुठल्याच प्रोटोकॉलमध्ये लिहिलेलं नव्हतं. तिच्या शेजारी उभं राहून बघणाऱ्यालाच ते मिळायचं. द्राव बनवताना कॅल्शियम सगळ्यात शेवटी, ९५ टक्के ऑक्सिजन आणि ५ टक्के कार्बन डायऑक्साइडचा वायू सोडून झाल्यावर घालायचं, हेही तिच्याकडूनच कळलं. आधी घातलं तर द्राव गढूळ होतो आणि बारीक कण धमन्यांत अडकतात.

कॅल्शियमवरून आठवलं. १८८० च्या दशकाच्या सुरुवातीला लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये सिडनी रिंगर बेडकाचं हृदय मिठाच्या द्रावात चालतं ठेवायचे. तो द्राव ऊर्ध्वपातित पाण्याऐवजी नळाच्या पाण्यात बनवला गेला होता, हे त्यांच्या मागाहून लक्षात आलं. शुद्ध पाणी वापरल्यावर हृदय लवकर थांबू लागलं आणि त्यातून कळलं की नळाच्या पाण्यातलं कॅल्शियम ते चालवत होतं. १८८३ च्या निबंधात रिंगर यांनी हे स्वच्छ लिहिलं आहे. द्राव कोण, कशात, कसा बनवतो, हे इतकं महत्त्वाचं असतं.

आणि व्हिव्हियन थॉमस हे नाव पाठ करून ठेवा. महाविद्यालयाची पायरीही न चढलेला हा कृष्णवर्णीय तंत्रज्ञ १९३० मध्ये वँडरबिल्ट विद्यापीठात आल्फ्रेड ब्लॅलॉक यांच्या लॅबमध्ये लागला. पगारपत्रकावर त्याची नोंद सफाई कामगार अशी होती. हृदयातल्या जन्मजात दोषामुळे निळ्या पडणाऱ्या बाळांसाठीची शस्त्रक्रिया त्याने जॉन्स हॉपकिन्सला कुत्र्यांवर शेकडो तास खपून बसवली. २९ नोव्हेंबर १९४४ रोजी ब्लॅलॉकनी पहिल्या बाळावर ती केली, तेव्हा थॉमस त्यांच्या मागे स्टुलावर उभा राहून पुढचा टाका कसा घ्यायचा ते सांगत होता. डॉ. हेलन टॉसिग यांच्यासह ब्लॅलॉक यांचं नाव त्या शस्त्रक्रियेला लागलं. थॉमसला हॉपकिन्सने मानद डॉक्टरेट दिली ती १९७६ मध्ये. आता अनेक जण त्या शस्त्रक्रियेच्या नावात थॉमसचंही नाव घेतात, आणि ते योग्यच आहे.

५. प्राणिगृहातली माणसं आणि पशुवैद्य

प्राण्यांवरच्या प्रत्येक प्रयोगाला विद्यापीठाच्या समितीची मंजुरी लागते. तिला सगळे 'आयाकुक' म्हणतात. तिच्यात पशुवैद्य असतो, शास्त्रज्ञ नसलेला सदस्य असतो आणि विद्यापीठाशी संबंध नसलेला बाहेरचा माणूसही असतो. दर सहा महिन्यांनी ही मंडळी लॅब बघायला येतात. भारतात संस्थेच्या आयएईसीशी (प्राण्यांवरच्या प्रयोगांची नैतिकता समिती) तुमचा संबंध आला असेल तर ढाचा ओळखीचा वाटेल.

सर्वांत मोठा सापळा: मंजूर प्रोटोकॉलमध्ये (समितीने मान्य केलेल्या प्रयोगाच्या आराखड्यात) तुमचं नाव येईपर्यंत प्राण्याला हात लावायचा नाही. सिनियर 'जरा धर' म्हणाला तरी नाही. नाव घालायला काही आठवडे लागू शकतात, म्हणून रुजू होण्याच्या आधीच लॅब मॅनेजरला आठवण करा. मंजुरीत लिहिलेला डोस, सुई, वेळ, यांत आपल्या मनाने केलेला बदलही नियमभंगच धरतात.

पिंजरे सांभाळणारे केअरटेकर रोज येतात, नाताळातही. शस्त्रक्रियेनंतर उंदीर अंग आखडून बसलाय, खात नाही, हे आधी त्यांना दिसतं. पिंजऱ्याच्या कार्डावर चालू असलेला फोन नंबर लिहा आणि त्यांचा फोन आला की लगेच जा. शस्त्रक्रिया केली तर रात्रीचा वेदनाशामकाचा डोस तुमची जबाबदारी, तो दुसऱ्यावर ढकलू नका. रसेल आणि बर्च यांनी १९५९ मध्ये मांडलेली तीन तत्त्वं (पर्याय शोधा, संख्या कमी करा, वेदना कमी करा) प्रशिक्षणात घोकून घेतात. त्यांतलं तिसरं खरोखर पाळणारा माणूस पशुवैद्याच्या लक्षात राहतो.

प्राणिगृहात फोनने फोटो काढू नका. उंदरांची ॲलर्जी वर्षभरानंतरही सुरू होऊ शकते, शिंका येऊ लागल्या तर लपवू नका.

६. पीआयशी कसं वागायचं

पहिल्या ईमेलमध्ये आडनावाआधी 'डॉक्टर' लिहा. उत्तराखाली ज्या नावाने सही येईल, त्या नावाने पुढे हाक मारा. 'सर', 'मॅडम' म्हणत राहिलात तर कुणी रागावत नाही, पण तुम्ही बरोबरीने बोलायला कचरता असा समज होतो. पीआय मराठी असले तर मात्र लॅबमधले इतर लोक काय म्हणतात ते बघून ठरवा.

तुमचा पगार ज्या अनुदानातून येतो, त्याचं उद्दिष्टांचं एक पान मागून घ्या. तुमचं काम त्यातल्या कुठल्या उद्दिष्टाखाली येतं हे कळलं की पीआय अमुकच प्रयोगाची घाई का करतात, ते समजतं. एनआयएचच्या नेहमीच्या मोठ्या अनुदानाच्या नव्या अर्जांसाठी ५ फेब्रुवारी, ५ जून आणि ५ ऑक्टोबर या ठरलेल्या तारखा असतात. त्याआधीच्या पंधरवड्यात सुट्टी, नवं यंत्र, शिफारसपत्र असलं काही काढू नका.

दर आठवड्याच्या भेटीला एकच पान न्या: काय केलं, काय निघालं, काय अडलंय. फसलेला प्रयोग पहिल्याच भेटीत सांगा. आणि 'तू हे करून बघायला हरकत नाही' अशा धाटणीचं मवाळ वाक्य आलं तर ते काम सांगितलंय असंच धरा. मान डोलावण्याची आपली सवय इथे गोत्यात आणते. समजलं नसेल तर तिथेच पुन्हा विचारा.

७. पोस्टडॉक, विद्यार्थी आणि रुग्णालयातून येणारे डॉक्टर

रोजचं शिक्षण पोस्टडॉककडून होतं. त्यांच्यावर स्वतःचा निबंध आणि पुढची नोकरी यांचा ताण असतो, तेव्हा प्रश्न साठवून एकदम विचारा. पीएचडीचे विद्यार्थी पहिल्या वर्षी दोन-तीन लॅबमध्ये फिरून मग एक निवडतात. पदवीचे विद्यार्थी आठवड्यातून काही तास येतात. त्यांना नीट शिकवलंत तर तुमचंच काम हलकं होतं.

शल्यचिकित्सेचे निवासी डॉक्टर एक-दोन वर्षं संशोधनासाठी येतात. मोठ्या प्राण्यांवरचे प्रयोग त्यांच्याशिवाय होत नाहीत. त्यांना लवकर उठण्याची सवय असते आणि प्रयोग सकाळी ६ वाजता ठेवतात. ही जोडी आपल्याकडेही जुनी आहे. मुंबईच्या केईएममध्ये डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी फेब्रुवारी १९६८ मध्ये भारतातलं पहिलं हृदयप्रत्यारोपण केलं, त्याआधी त्यांच्या पथकाने कुत्र्यांवर सराव केला होता.

८. इंजिनिअर, संगणकवाले आणि संख्याशास्त्रज्ञ

हृदयातली विद्युतलहर कॅमेऱ्याने टिपणाऱ्या लॅबमध्ये आरसा किंवा लेन्स विचारल्याशिवाय हलवू नका, जुळणी करायला इंजिनिअरचा आख्खा दिवस जातो. हृदयाची हालचाल थांबवायला वापरतात ते ब्लेबिस्टॅटिन निळ्या प्रकाशात खराब होतं, ते झाकूनच ठेवायचं. भारतातून स्वतःचा कोड आणत असाल तर एक बदल आठवणीने करा: मोजमापांत मिसळणारा आपल्या विजेचा गोंगाट ५० हर्ट्झवर असतो, इथे ६० वर.

संगणकावर हृदयपेशींची गणितं मांडणारी परंपरा डेनिस नोबल यांच्या १९६० च्या कामापासूनची आहे. ही मंडळी तुमच्या मोजमापांवर अवलंबून असतात. तापमान किती होतं, द्रावात काय होतं, हे त्यांना नोंदवून द्या.

संख्याशास्त्रज्ञाकडे प्रयोगाच्या आधी जा. एका उंदराच्या २० पेशी मोजल्या म्हणजे नमुना २० चा झाला, ही समजूत घेऊन अनेक जण येतात. पेशी २० असल्या तरी उंदीर एकच आहे, आणि परीक्षक हे हमखास पकडतात.

९. रात्री येणारा फोन

काही लॅबना मानवी हृदयं मिळतात. दात्याच्या कुटुंबाने संशोधनाला संमती दिलेली असते आणि प्रत्यारोपणासाठी ते हृदय चालण्यासारखं नसतं. अवयव मिळवून देणाऱ्या संस्थेचा फोन बहुधा रात्री येतो. पाळी कुणाची, गाडी कुणाची, बर्फ आणि द्राव कुठे, हे आधीच लिहून भिंतीवर लावलेलं असतं. तुमचं नाव त्या यादीत घालण्यापूर्वी एकदा नुसतं बरोबर जा.

दात्याचं नाव कळत नाही. वय, लिंग, थोडा वैद्यकीय इतिहास, एवढंच. कागदावर वय २२ वाचल्यावर हात थबकतो. सगळ्यांचाच थबकतो, आणि त्याबद्दल टीममधल्या कुणाशी तरी बोलावं. तिथे फोटो नाही, घरच्या ग्रुपवर वर्णन नाही. दोघं मराठी असलात तरी टेबलाजवळ सगळ्यांना कळेल अशाच भाषेत बोला, कारण तिसऱ्याला सूचना कळली नाही तर इजा होऊ शकते.

१०. निबंधावर कुणाचं नाव

हा विषय काम सुरू होतानाच काढा. पहिलं नाव मुख्य काम करणाऱ्याचं, शेवटचं पीआयचं, ही इथली रीत. मधल्या नावांवरून वाद होतात. कुणी काय केलं याची तारखेनिशी नोंद वहीत ठेवा, आणि टेक्निशियनचं योगदान खरोखरच असेल तर त्याचं नाव तुम्ही स्वतः सुचवा. वही आणि डेटा विद्यापीठाचा असतो, लॅब सोडताना परवानगीशिवाय प्रत नेऊ नका.

फेलोशिपसाठीही लवकर विचारणा करा. एनआयएचची एफ-३१ ही पीएचडीची फेलोशिप व्हिसावरच्या विद्यार्थ्यांना मिळत नाही, त्यावर वेळ घालवू नका. अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या पीएचडी आणि पोस्टडॉक फेलोशिपना अनेक व्हिसांवर अर्ज करता येतो. पोस्टडॉकसाठी एनआयएचच्या के-९९ या अनुदानाला नागरिकत्वाची अट नाही.

११. घरी जाताना

दिवाळीला किंवा मे महिन्यात घरी जायचं तर दोन ठिकाणी आधी जा. पहिलं आंतरराष्ट्रीय कार्यालय: डीएस-२०१९ किंवा आय-२० वरच्या प्रवासाच्या सहीची मुदत, व्हिसाचा शिक्का संपलाय का, हे तिथे तपासून घ्या. मुंबईत व्हिसासाठी भेटीची तारीख कधी मिळते ते बघूनच तिकीट काढा.

दुसरं, आपली लॅब. वाढवलेल्या हृदयपेशींचं खाद्यद्रव दर एक-दोन दिवसांनी बदलावं लागतं. उंदरांची पिल्लं साधारण २१ दिवसांची झाली की आईपासून वेगळी करावी लागतात, नाहीतर पिंजऱ्यात गर्दी झाली म्हणून प्राणिगृहाची नोटीस येते. कुठला पिंजरा, कुठली तारीख, कुठल्या फ्रीझरमध्ये कुठल्या कप्प्यात काय, हे एका कागदावर लिहा. जो हे सांभाळणार आहे त्याचं नाव प्रोटोकॉलमध्ये आहे ना, ते बघा. निघण्याआधी एकदा त्याच्याबरोबर प्रत्यक्ष फेरी मारा आणि तुमचा भारतातला नंबर त्याच्याकडे, लॅब मॅनेजरकडे आणि पिंजऱ्याच्या कार्डावर, तिन्ही ठिकाणी ठेवा.